एका हौशी चित्रकाराची राज्यघटना

‘हौशी’ या शब्दात आपल्याकडे थोडी दया मिसळलेली असते. हौशी नट म्हणजे ज्याच्याकडून फार अपेक्षा करावयाची नाही असा नट. हौशी चित्रकार म्हणजे ज्याचे चित्र पाहून ‘छान’ म्हणावयाचे आणि पुढे चालू लागावयाचे. व्यवसायी कलावंताला आपण पैसे मोजतो, म्हणून त्याच्या कामात खोट काढण्याचा हक्क आपणास आहे असे आपण समजतो. हौशी कलावंत पदरचे पैसे आणि झोपेतले तास घालून काम करतो, म्हणून त्याच्यापुढे टीकेचा शब्द काढणे कृतघ्नपणाचे वाटते. त्यातून त्याच्या कलेमागे एखादी राजकीय श्रद्धा उभी असेल तर विचारावयासच नको. तेथे मौन हेच सौजन्य, अशी आमचीही पुष्कळ वर्षे समजूत होती. ती कशी ढळली हे सांगण्यासाठी आणि त्या निमित्ताने एका खऱ्याखुऱ्या हौशी चित्रकाराच्या कामाची चिकित्सा करण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

आम्ही बेळगावात वकिली करतो आणि कामानिमित्त निपाणीस आमचे वरचेवर जाणे होते. १ नोव्हेंबर १९५६ पासून या भागातील मराठी माणसाच्या मनात जो सल आहे, त्याचे कागद महाजन आयोगाच्या १९६७ सालच्या अहवालात आणि महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यात सापडतील. परंतु त्या सलाचे रंग पाहावयाचे असतील तर ते आमच्या गल्लीबोळांतच पाहिले पाहिजेत. दिवाळीत पोरे मातीचे किल्ले रचतात, सणासुदीला चौकात शिवछत्रपतींच्या भव्य रांगोळ्या निघतात, आणि वैशाख शुद्ध द्वितीयेच्या शिवजयंतीनंतर बेळगावात रात्रभर चित्ररथांची मिरवणूक चालते. यांतील बहुतेक काम हौशी हातांचे असते.

निपाणीतील अशाच एका हातांची आमची ओळख आहे. तंबाखूच्या एका वखारीत हे गृहस्थ हिशेब लिहितात. सगळे त्यांना दिवाणजी म्हणतात. पहाटे उठावयाचे, वखार उघडेपर्यंत दीड-दोन तास कागदावर रेघोट्या मारावयाच्या, दिवसभर खतावणी लिहावयाची आणि रात्री पुन्हा रंग कालवावयाचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम. सीमाप्रश्नाची सभा असली की तिचे फलक ते फुकट रंगवून देतात. ध्येय विचाराल तर एकच. शिवरायांच्या मांडीखालचा घोडा असा काढावयाचा की तो धावताना दिसला पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका मंडळाने आम्हास रांगोळी-स्पर्धेचे परीक्षक म्हणून बोलाविले. दिवाणजींची रांगोळी समोर होती. जिरेटोप उत्तम, मुद्रा करारी, पाठीमागे भगव्याची फडफड. घोडा मात्र चारही पाय रोवून उभा होता. आम्ही पहिला क्रमांक दिला. समारंभ संपल्यावर दिवाणजी हळूच जवळ आले आणि म्हणाले, “वकीलसाहेब, बक्षीस दिलंत, उपकार झाले. पण खरं सांगा, घोडा पळतोय काय हो?” आम्ही उत्तरलो, “पळतोय की!” न्यायालयात एखाद्या साक्षीदाराने इतक्या सहजपणे खोटे सांगितले असते तर आम्ही त्याला सोडला नसता. दिवाणजींनी मान डोलाविली आणि ते निघून गेले. त्यांचा विश्वास बसला नाही, एवढे मात्र आम्हास कळले.

हा प्रसंग मनात खुपत असतानाच आमचे औंधास जाणे झाले. सातारा जिल्ह्यातील हे गाव यमाईच्या डोंगरामुळे आणि त्या डोंगराच्या उतारावरील भवानी वस्तुसंग्रहालयामुळे प्रसिद्ध आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली ते संग्रहालय लोकांसाठी उभारले. तेथे राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, धुरंधरांची आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता व बालकाचे एक लहानसे शिल्पही आहे. आणि त्याच छताखाली खुद्द बाळासाहेबांची चित्रेही आहेत. थोर चित्रकारांच्या शेजारी स्वतःची चित्रे मांडणारा माणूस एक तर फार धीट असला पाहिजे किंवा त्याला कोणी काही सांगितलेले नसले पाहिजे. आमच्या मते बाळासाहेबांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या होत्या.

त्यांचा जन्म १८६८ सालचा. १९०९ साली ते गादीवर आले आणि १९५१ साली वारले. पदवीधर राजा ही त्या काळी सहज आढळणारी गोष्ट नव्हती. त्यांच्या दिनक्रमाचा पाया म्हणजे सूर्यनमस्कार. ते स्वतः रोज घालीत, दुसऱ्यास घालावयास लावीत, त्यांच्यावर पुस्तके लिहीत. कीर्तन हा त्यांचा दुसरा छंद. राजा असून ते श्रोत्यांपुढे उभे राहून आख्यान लावीत. अजिंठा आणि वेरूळ येथील लेण्यांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तके लिहिली. आणि या सगळ्यांच्या जोडीला चित्रकला. १९१६ साली त्यांचे चित्ररामायण प्रसिद्ध झाले. पुढे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा तिला त्यांनी भरघोस आश्रय दिला आणि तिच्यासाठी चित्रेही काढली. ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावर संपादक सुखटणकर यांच्या नावाबरोबर ‘प्राचीन नमुन्यांवरून चित्रे काढणारे’ अशा आशयाने औंधाधिपतींचेही नाव इंग्रजीत छापलेले आहे.

या ‘प्राचीन नमुन्यांवरून’ या शब्दांत त्यांचे कलाविषयक ध्येय साठविलेले आहे. रविवर्म्याने देवादिकांना जी वस्त्रे नेसविली ती त्याच्या काळची होती. पुराणातील पात्रांची वस्त्रे, अलंकार, आयुधे ही जुन्या शिल्पांत व लेण्यांत जशी आढळतात तशी असावीत, हा बाळासाहेबांचा आग्रह. हा आग्रह विचारी माणसाचा आहे, आणि त्यामागे श्रमही आहेत. त्यांच्या चित्रांतील मुकुट, कंठे, केशरचना यांकडे पाहिले म्हणजे लेण्यांसमोर तासन्‌तास उभा राहिलेला अभ्यासू डोळा दिसतो.

परंतु चित्र म्हणून पाहू लागले म्हणजे अडचण येते. पात्रे गोष्ट सांगतात, ती जगत नाहीत. प्रत्येकाचा हात नेमका जेथे असावयास हवा तेथे आहे, कोण रागावला आहे आणि कोण शरण आला आहे हे लांबून कळते. पण हात उचलण्यापूर्वी खांद्यात जो ताण येतो तो कोठे दिसत नाही. आम्हास वाटते, हे कीर्तनकाराचे चित्र आहे. कीर्तनकाराला शेवटच्या रांगेतील म्हातारीपर्यंत अर्थ पोहोचवावयाचा असतो, म्हणून तो प्रत्येक गोष्ट स्पष्ट करून सांगतो. मंदिरात तो गुण ठरतो. चित्रात मात्र पाहणाऱ्याने शोधावे असे काही शिल्लक राहत नाही.

महाभारताच्या त्या आवृत्तीत एक विलक्षण विरोध आमच्या ध्यानात आला. सुखटणकर आणि त्यांचे सहकारी देशभरातील हस्तलिखिते गोळा करून एकेका श्लोकाची छाननी करीत होते. शतकानुशतके लोकांच्या तोंडी असलेला पाठ असला तरी त्याला पुराव्याचा आधार नसेल तर तो मूळ संहितेतून तळटीपेत वा परिशिष्टात जाई. लोकप्रियता, पावित्र्य, सवय, यांपैकी कशाचीही भीड ठेवली गेली नाही. शब्दांना अशी कसोटी आणि त्याच ग्रंथातील चित्रांना मात्र केवळ आश्रयदात्याच्या नावाचा आधार! ही चित्रे येथे असावीत काय, असा प्रश्न आश्रयदात्याच्या तोंडावर विचारणे कोणास सोपे होते? राजाच्या हौसेची हीच शोकांतिका असते. त्याला रंग, वेळ, ग्रंथ, प्रवास सर्व मिळते. ‘हे जमले नाही’ असे सांगणारा माणूस तेवढा मिळत नाही.

आता याच्या शेजारी बेळगावचे एक उदाहरण ठेवून पाहावे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली झाला. म्हणजे बाळासाहेबांहून ते वर्षभराने धाकटे. त्यांनाही चित्रकार व्हावयाचे होते. त्यासाठी ते १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे कळून आले की त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद ओळखता येत नाही. रंगकाम सुटले, यंत्रांची रेखाटने हाती आली, आणि त्यातून पुढे बेळगावातील सायकलचे दुकान, नांगर आणि कारखाना हा सर्व इतिहास घडला. बेळगावात आजही त्यांच्या नावाचा रस्ता आहे. कारखान्याला बेळगावातील जागा सोडावी लागली तेव्हा १९१० साली त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळची माळरानाची जमीन देणारा माणूस म्हणजे औंधचे बाळासाहेबच. आज बेळगावहून पुण्याकडे जाणारी आगगाडी मिरज ओलांडून गेली की ज्या किर्लोस्करवाडीवरून धावते, ती अशी वसली.

एकाच पिढीतील हे दोन कुंचलेवाले तरुण. एकाला वेळीच नकार मिळाला. तो नकार त्या वयात किती कडू लागला असेल याची कल्पना करता येते. पण त्या नकारानेच त्याला स्वतःच्या खऱ्या सामर्थ्याकडे वळविले. दुसऱ्याला असा नकार देणार कोण? आम्ही लक्ष्मणरावांना भाग्यवान म्हणतो ते कारखानदार झाले म्हणून नव्हे, तर सतराव्या-अठराव्या वर्षी त्यांना सत्य कळले म्हणून.

हौसेला सत्ता मिळाली म्हणजे आणखी एक गोष्ट घडते, तीही येथे नमूद केली पाहिजे. बाळासाहेबांचे सूर्यनमस्कारांचे प्रेम त्यांच्या अंगणापुरते राहिले नाही. संस्थानच्या शाळांतील मुलांवर ते सक्तीने लादले गेले. व्यायाम चांगला, हेतू चांगला, फळही कदाचित चांगले. परंतु राजाची आवड ही प्रजेच्या मुलांची आज्ञा व्हावी यात काही खटकण्यासारखे आहे, हे आजच्या वाचकास सांगावयास नको. माणूस सज्जन आहे म्हणून त्याची प्रत्येक हौस आपोआप लोकहिताची ठरत नाही.

येथवर आमचा सूर प्रतिकूल वाटला असेल. पण बाळासाहेबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम अद्याप सांगावयाचेच आहे. १९३८ सालच्या नोव्हेंबरात, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली आणि १९३९ च्या जानेवारीत तशी घटना अस्तित्वात आली. संस्थान चिमुकले होते. क्षेत्र सुमारे ५०० चौरस मैल, गावे ७२, आणि तीही सलग नव्हेत. विजापूरकडील गुणदाळसारखा कानडी मुलखातील तुकडाही त्यात होता. गावाने आपली पंचायत निवडावी, पंचायतींतून तालुक्याची सभा बनावी, तालुक्यांतून राज्याची प्रतिनिधिसभा बनावी, अशी खालून वर जाणारी ती रचना होती. गावचे तंटे शक्यतो गावातच मिटावेत अशीही त्यात योजना होती, जी आमच्या व्यवसायबंधूंना फारशी रुचण्यासारखी नाही.

याचे श्रेय वाटून देताना वकिलाने काटेकोर असावे. कल्पना पुढे रेटण्यात मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याचा वाटा होता. राजपुत्र अप्पासाहेब पंत हे नुकतेच विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले होते. पुढचे कष्ट बव्हंशी त्यांचे. आणि आराखडा घेऊन ही मंडळी गेली ती सेवाग्रामला गांधीजींकडे. मग राजाचे स्वतःचे असे त्यात काय होते, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, त्यात राजाचे होते ते इतकेच की त्याने आपल्या कागदावर दुसऱ्याला खाडाखोड करू दिली. जो माणूस चित्रात स्वतःची रेघ कोणाला पुसू देण्याच्या स्थितीत नव्हता, त्याने राज्याच्या बाबतीत आपण होऊन रबर दुसऱ्याच्या हाती दिले. इतकेच नव्हे, तर ‘हे आम्हास मान्य नाही’ असे राजाला सांगू शकेल अशी सभा त्याने स्वतःच्या सहीने निर्माण केली. चित्रकार म्हणून जो टीकाकार त्याला आयुष्यभर लाभला नाही, तो राज्यकर्ता म्हणून त्याने मुद्दाम नेमून घेतला.

यावर असा आक्षेप येईल की, हीसुद्धा एक हौसच होती. इवल्याशा संस्थानात असले खेळ परवडतात. हौस होती हे आम्ही मान्य करतो. पण प्रश्न हौस असण्याचा नाही, तिला कसोटी लागली की नाही याचा आहे. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले आणि ती घटना संपली. नऊ वर्षांचे आयुष्य. तरीही इंदिरा रोदरमुंड यांनी १९८३ साली त्या प्रयोगावर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला, अप्पासाहेबांनी १९८९ साली आपल्या आठवणी लिहिल्या, आणि ग्रामराज्याचा विचार करणारा अभ्यासक आजही औंधाचे नाव घेतो. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथे कैद्यांना भिंतींवाचून, विश्वासावर ठेवण्याचा जो उपक्रम याच काळात सुरू झाला, त्यावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. माडगूळकर हे औंध संस्थानच्याच मातीतले. म्हणजे औंधातून जी कलाकृती जगभर गेली, ती राजाच्या कुंचल्यातून नव्हे, त्याच्या राजकारणातून निघाली. बाळासाहेबांना हे ऐकून वाईट वाटले असते काय, असा विचार संग्रहालयाच्या पायऱ्या उतरताना आमच्या मनात आला. आम्हास वाटते, वाईट वाटले असते. पण त्यांनी ऐकून घेतले असते.

औंधाहून परतताना आम्हास निपाणीचा घोडा आठवला. दिवाणजी काही राजे नव्हेत. त्यांच्या हाती सत्ता नाही. आहे ती फक्त लोकांची श्रद्धा. पण श्रद्धेच्या आड टीकाकाराचे तोंड तसेच बंद होते, जसे दरबारात होते. सीमाभागातील चित्राला नाव ठेवले तर ते चळवळीला नाव ठेवल्यासारखे होईल, घोड्याचा पाय चुकला म्हटले तर ऐकणाऱ्यास तो शिवरायांचा अवमान वाटेल, ही भीती आम्हा सर्वांच्या मनात बसली आहे. आमच्या कोंकणी वाचकांनाही हे अपरिचित नसावे. १६ जानेवारी १९६७ च्या गोव्यातील जनमत कौलाच्या वेळी दोन्ही बाजूंनी गाणी झाली, चित्रे झाली, पथनाट्ये झाली. त्यांतील कला म्हणून उभे राहते ते कोणते, हा प्रश्न आपापली बाजू क्षणभर दूर ठेवून आपण किती वेळा विचारला? आपल्या बाजूचे वाईट गाणे आणि विरुद्ध बाजूचे चांगले गाणे, या दोहोंना त्यांची नावे देता येत नसतील तर आपण रसिक नव्हे, केवळ पक्षकार आहोत.

यात नुकसान कोणाचे होते? चळवळीचे होत नाही. तिला दुसरी बळे आहेत. नुकसान होते त्या हौशी माणसाचे. जो रोज पहाटे उठून दोन तास देतो, त्याला आपण टाळ्या देतो, नारळ देतो, शाल देतो. त्याला जे हवे असते ते देत नाही. दिवाणजींना बक्षीस नको होते. त्यांना घोडा धावतो की नाही ते हवे होते.

मागच्या दिवाळीनंतर आम्ही मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, आणि मग आम्ही धीर करून सांगून टाकले की, त्या वर्षीचा घोडा उभा होता, धावत नव्हता. आणि त्यानंतरच्या रांगोळ्यांतलेही उभेच आहेत. दिवाणजी बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, तो लपविण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. शेवटी म्हणाले, “मग त्या वेळी का नाही सांगितलंत? एवढी वर्षं गेली की हो फुकट.” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

थोड्या वेळाने ते आत जाऊन जुन्या रेखाटनांचा एक गठ्ठा घेऊन आले आणि तो त्यांनी आमच्यापुढे ठेवला. “यातला कुठला त्यातल्या त्यात बरा, ते तरी सांगा,” असे म्हणून ते शेजारी बसले. दिवे लागेपर्यंत आम्ही दोघे एकेक कागद उलटीत होतो. एका जुन्या कागदावर, बहुधा घाईत काढलेल्या, एका घोड्याचा पुढचा पाय जमिनीवरून सुटलेला होता. तो कागद त्यांनी बाजूला काढून ठेवला.

पुढच्या मिरवणुकीत घोडा कसा असेल हे पाहावयास आम्ही जाऊच. परीक्षक म्हणून पुन्हा बोलावणे येईल असे मात्र वाटत नाही. आणि आलेच, तर मंडळाने आधी विचार करावा, एवढे येथे जाहीरपणे कळवून ठेवतो.